पहिला ठोका मुका

वहिनीचं स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एका विटेची भिंत होती, आणि त्या भिंतीचा स्वतःचा असा कायदा होता. बारीक आवाज ती पलीकडेच अडवायची, जाड आवाज तेवढे आत सोडायची. बाहेर गिटारी वाजायच्या दोन, पण आत कांदा चिरणाऱ्या वहिनीच्या वाट्याला यायची एकच. ती दुसरी गिटार, म्हणजे तिच्या नवऱ्याची. पहिली गिटार नणंदेची. तिचे उंच, नाजूक सूर ऐकायचे तर हात पुसून दारात येऊन उभं राहावं लागे, आणि गॅसवर काहीतरी चढवलेलं असताना दारात उभं राहायची चैन कुणाला परवडते?

अशी अठरा वर्षं गेली.

नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. दारं-खिडक्यांच्या कारखान्यात सुतारकाम करायचे. नणंद त्यांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि औषधांच्या दुकानात कामाला होती. दर गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी ती गिटार पाठीला लावून यायची, दारातूनच ओरडायची, "वहिनी, चहा नंतर!", आणि भाऊ-बहीण समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचे. वाजवायचे ते दक्षिण अमेरिकेतलं. आता दक्षिण अमेरिका कुठे आणि ही गल्ली कुठे! पण लहानपणी त्यांच्या शेजारी एक गिटार-मास्तर राहायचे. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर होते आणि तिकडच्या बंदरांत महिनोन् महिने अडकून पडलेले. जहाजावरून परत येताना लोक घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. ह्यांनी पेटीभर छापील कागद आणले, त्यावर सगळी गिटारीची स्वरलिपी. मूळचे ते तिकडच्या खेड्यांतले नाच, पण शिकलेल्या संगीतकारांनी नीट बसून, विचार करून, दोन गिटारींसाठी बांधलेले. ऐकायला अंगणातले आणि वाजवायला घाम काढणारे. मास्तरांनी ते ह्या दोघा भावंडांना शिकवले, आणि जाताना पेटीही त्यांच्याच हवाली केली.

त्यातला एक नाच होता, चाकारेरा नावाचा. ह्यांच्या घरात त्याची चकारी झाली होती. चकारी सुरू झाली की स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा जरा अंग हलवायची.

मग एका सकाळी कारखान्यात करवतीच्या मशीनने मिस्त्रींच्या डाव्या हाताची दोन बोटं वरच्या पेरापासून नेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. सुताराचं काम त्या हाताने कसंबसं भागत होतं. मालक बरा होता, त्याने मापं घ्यायला आणि खुणा करायला ठेवून घेतलं. पण गिटारीच्या तारा दाबायच्या त्या डाव्याच हाताने. मिस्त्रींनी गिटार पेटीत घातली, पेटी पलंगाखाली सारली आणि स्वतः पलंगावर आडवे झाले. कामावरून आले की छताकडे बघत पडायचं. काय मिळत होतं त्यांना छतात, देव जाणे. छत तसं साधंच होतं.

गुरुवार आले, रविवार आले. नणंद यायची, पण गिटारीशिवाय. चहा आधी व्हायचा, नंतरही व्हायचा, आणि बोलायला काही नसायचं.

एका रविवारी ती पलंगाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "दादा, एक विचारायचंय. रागावू नकोस."

"विचार."

"वाचनालयाच्या सभागृहातला आपला कार्यक्रम. पुढच्या वर्षीचा. तिथल्या बाई म्हणतात, दोघांची नावं आता पक्की करून द्या."

ह्या कार्यक्रमाची गंमत अशी, की दोघं भावंडं दहा वर्षं तो मागत होती आणि अपघाताच्या तीनच आठवडे आधी तो त्यांना मिळाला होता.

"संगीतशाळेतले ते टायवाले सर तयार आहेत," नणंद म्हणाली. "कागद समोर ठेवला की वाजवतात. तालमीही त्यांच्या शाळेतच करता येतील."

"घे त्याला."

"खरंच?"

"घे म्हटलं ना. मी काय आता पायाने वाजवू?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात ओलं फडकं. ती म्हणाली, "वन्सं, ती दुसरी खुर्ची मला द्या."

नणंदेने शेजारची खुर्ची उचलली आणि तिच्याकडे सरकवली. "घे ना, विचारतेस काय! बस."

"बसायला नाही. वाजवायला."

मिस्त्रींनी बऱ्याच दिवसांनी छतावरची नजर खाली आणली.

"वहिनी, तुला येतं का?" नणंदेने विचारलं, आणि तेही सांभाळून, दुकानात एखादा म्हातारा चुकीचं औषध मागायला लागला की विचारतात तसं.

"लग्न झाल्यावर ह्यांनी सहा महिने शिकवलं होतं. मग पोरगी झाली आणि राहिलं."

"पोरगी आता परगावी कॉलेजात आहे!"

"मग? बोटं तीच आहेत माझी," वहिनी म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिने जीभ चावली. मिस्त्री पुन्हा छताकडे वळले. पण तोंडातून निघालेलं परत कुठे घेता येतं? ती तशीच पुढे रेटत गेली. "आणि दुसरी गिटार मला सगळी पाठ आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. अठरा वर्षं दुसरं काय ऐकलंय मी?"

आणि तिने फडकं खांद्यावर टाकून चकारीची दुसरी गिटार तोंडाने म्हणून दाखवली. धम् धम्, धम् धम्, मधले वळसे, पडत्या ओळी, सगळं. एकही जागा सुटली नाही.

तिला एवढं काय हवं होतं? एक तर, तालमी संगीतशाळेत गेल्या की नणंदही तिकडेच जाणार, आणि गुरुवार-रविवारचं ह्या घराचं दार वाजायचं बंद होणार. पलंगावरच्या माणसाला मग फक्त छत उरणार. हे ती कुणालाही सांगू शकली असती. दुसरं तिने कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगायला तिला लाज वाटायची. अठरा वर्षं ती गिटार तिच्या हातातल्या कामाबरोबर चालत आली होती. ती तिला स्वतःला हवी होती.

नणंद हिशेबी बाई. तिने लगेच अट घातली. वाचनालयाच्या बाईंकडून तिने दहा महिन्यांची मुदत मागून घेतली. मुदतीच्या शेवटच्या रविवारी चकारी तिच्याबरोबर वाजवून दाखवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. जमलं तर खुर्ची वहिनीची. नाही तर टायवाले सर.

"ठरलं," वहिनी म्हणाली.

"कार्यक्रमातले बाकीचे दोन तुकडे त्यामानाने सोपे आहेत. पण चकारी हसण्यावारी नेऊ नकोस हं."

"मी हसले का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पलंगाखालून पेटी ओढली. मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली आणि तारा लावल्या. तारा बदलायचं, लाकूड पुसायचं काम इतकी वर्षं तीच करत आली होती, त्यामुळे गिटारीला ती अनोळखी नव्हती. पण वाजवणं निराळं. पहिल्या आठवड्यात बोटांच्या टोकांना फोड आले. दुसऱ्या आठवड्यात ते फुटले. तिसऱ्यात घट्टे पडले आणि वहिनी खूश झाली, जणू कुणी अंगठ्या घातल्या. उजव्या हाताची नखं वाढवायची, डाव्या हाताची कापायची. शेजारीण म्हणाली, "अर्धीच नखं कापायला वेळ मिळतो वाटतं?" वहिनी म्हणाली, "हो, उरलेली पुढच्या वर्षी."

मिस्त्री दोन महिने काही बोलले नाहीत. मग एका पहाटे आतल्या खोलीतून आवाज आला, "अंगठा."

"काय हो?"

"अंगठा मागे घे. गिटारीची मान अशी आवळून काय धरतेस, ती काय कोंबडी आहे?"

तिथून पुढे ते पलंगावरूनच शिकवायला लागले. मग पलंगावर उठून बसले. मग दारात आले. आणि एक दिवस न सांगता स्वयंपाकघरात शिरले आणि म्हणाले, "स्वयंपाकाचं मी बघतो. तुला दोन तास जास्त मिळतील." पहिले पंधरा दिवस मीठ कधी जास्त, कधी नाहीच, असं चाललं. पण वहिनीने पानातलं सगळं मुकाट्याने संपवलं. शिकणाऱ्याची तेवढी सूट तिलाही मिळत होतीच की.

आता भिंतीच्या आत मिस्त्री आणि बाहेर वहिनी. आतून त्यांना दुसरी गिटार स्वच्छ ऐकू यायची, आणि ते झारा कढईवर आपटून सांगायचे, "चौथी ओळ पुन्हा!"

पाचव्या महिन्यात चकारी शेवटपर्यंत आली. वहिनीने नणंदेला बोलावणं धाडलं.

नणंद गिटार घेऊन आली. दारातूनच ओरडली, "वहिनी, चहा नंतर!" आणि ओरडल्यावर क्षणभर उंबऱ्यातच थबकली. मग दोघी समोरासमोर बसल्या. नणंदेने एक-दोन-तीन म्हणून सुरुवात केली, आणि चार ओळींच्या आत दोन गिटारी अशा धडकल्या, की जणू अरुंद जिन्यावर एक चढतोय, एक उतरतोय, आणि कुणीच बाजूला होत नाही.

"तू पुढे पळतेस," नणंद म्हणाली.

"मी? तुम्ही मागे रेंगाळता, वन्सं."

"मी तीस वर्षं वाजवतेय हे!"

"म्हणूनच दमला असाल."

पुन्हा वाजवलं. पुन्हा धडक. चार वेळा झालं. आतून मिस्त्री ओरडले, "तिचं बरोबर आहे! मी रोज ऐकतोय, एक चूक नाही!"

"मग काय माझं चुकतंय, दादा?" नणंदेने गिटार मांडीवर आडवी ठेवली. "थांब वहिनी. नुसतं मोजून दाखव बरं. वाजवू नकोस."

वहिनीने मांडीवर थाप दिली. "धम् एक. धम् दोन. तीन रिकामा. धम् एक, धम् दोन, तीन रिकामा."

नणंदेने कपाळावर हात मारला. "अगं बाई! रिकामा तीन नाही, रिकामा एक! दुसरी गिटार दोनवर आणि तीनवर पडते. एकला ती गप्प असते."

"असं कसं? सुरुवात कधी रिकाम्यापासून होते का?"

"ह्या नाचात होते. ह्यात पहिला ठोका मुका."

भिंतीपलीकडून मिस्त्री म्हणाले, "लग्नाला अठरा वर्षं झाली, आता कसले मुके!"

दोघी इतक्या हसल्या की नणंदेच्या केसातली पिन गिटारीच्या भोकात पडली आणि ती काढताना गिटार उलटी धरून हलवावी लागली. अपघातानंतर मिस्त्री पहिल्यांदाच असं काही बोलले होते. पण हसू ओसरलं आणि चूक होती तिथेच बसून होती.

चूक झाली ती अशी. भिंतीतून तिला जाड ठोकेच ऐकू यायचे. मुका ठोका भिंतीतून कसा येणार? तो मुळातच मुका. तो कुठे आहे हे कळायचं नणंदेच्या सुरांवरून, नाहीतर मिस्त्रींच्या पायाकडे बघून, आणि दोन्ही भिंतीच्या पलीकडे. मग कानाला जो पहिला ऐकू आला त्यालाच तिने एक म्हटलं. एकटीने वाजवलं तर फरक कुणाच्या बापाला कळणार नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या मिस्त्रींनाही कळला नाही. दुसरी गिटार शेजारी आली की मात्र सगळं एका पावलाने सरकलेलं. अठरा वर्षं वहिनी मनातल्या मनात चकारी चुकीच्या पायाने नाचत होती.

न येणारं शिकता येतं. येत असलेलं विसरायचं कसं?

नणंदेने औषधांच्या दुकानातल्या भाषेत सांगितलं, "ही पहिली ओळ मोठ्याने मोजून, दिवसातून तीनदा. एकदा उपाशीपोटी." वहिनीने मोजून बघितलं. पाय आपटून बघितला. एकला जोरात श्वास सोडून बघितला, तर नणंद म्हणाली, "सभागृहात लोकांना वाटेल गिटारीतून वाफ निघतेय." मिस्त्रींनी एकला कढईवर झारा आपटला, पण मुक्या ठोक्याला आवाज केला की तो मुका कसला राहिला? चार ओळी बरोबर जायच्या, पाचवीला तो जुना पाय हळूच पुढे यायचा आणि पुन्हा धडक.

असे चार महिने गेले. मग नणंदेने टायवाल्या सरांना घरी आणलं. "एकदा बरोबर कसं वाजतं ते शेजारी बसून ऐक," ती वहिनीला म्हणाली. गृहस्थ सभ्य होते. टाय सरळ केला, कागद मांडला आणि पहिल्या फटक्यात चकारी वाजवली. धडक नाही, काही नाही. फक्त तिसऱ्या पानाच्या वरच्या ओळीला दोघं किंचित मागेपुढे झाली.

"इथे तुम्ही थांबता का, ताई?" सरांनी विचारलं. "कागदावर तसं काही लिहिलेलं नाहीये."

"सवय आहे," नणंद म्हणाली. "काढून टाकीन."

ते गेल्यावर नणंद वहिनीजवळ बसली. तिने तिचा डावा हात हातात घेऊन घट्टे चाचपले. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नकोस. तू जेवढं केलंस तेवढं मला जमलं नसतं. पण आता..."

"पाच रविवार राहिलेत," वहिनी म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

"तू ऐकत का नाहीस गं?"

"अट तुमची होती, वन्सं. पाच आहेत की नाहीत?"

"आहेत बाई, आहेत."

वहिनी पार्सल कचेरीत कामाला होती, तीन नंबरच्या खिडकीत. प्रत्येक पार्सलाची पावती दोन प्रतींत, आणि दोन्ही प्रतींवर गोल शिक्का. दिवसाला तीन-चारशे पावत्या व्हायच्या. कचेरीत कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. शेजारच्या खिडकीतल्या बाई दोन नंबर आणि वहिनी तीन नंबर. हल्ली ती मोकळ्या वेळात टेबलाच्या कडेवर डाव्या हाताची बोटं नाचवायची. दोन नंबर बाईंना वाटायचं की तिला नवऱ्याच्या दुखण्याची चिंता लागलीय, म्हणून त्या तिला रोज एक लिमलेटची गोळी द्यायच्या. वहिनी घ्यायची.

त्या मंगळवारी रांग दारापर्यंत गेली होती. वहिनी मान खाली घालून शिक्के मारत होती आणि मनात मोजत होती. धम् दोन, धम् तीन. धम् दोन, धम् तीन. आणि एकदम तिचा हात हवेतच थांबला.

शिक्का पॅडवर टेकायचा. मग वरच्या प्रतीवर ठप्प, खालच्या प्रतीवर ठप्प. पुन्हा पॅडवर. तो पॅडवर टेकला की आवाज होत नाही. पण काम सुरू कुठून होतं? पॅडवरून. शाईच नाही घेतली तर ठप्प-ठप्प करून कागदावर उमटणार काय, कपाळ?

तिने शिक्का पॅडवर टेकवला आणि पुटपुटली, "एक." मग ठप्प, "दोन." ठप्प, "तीन."

"बाई, झालं का?" खिडकीतला माणूस म्हणाला.

"होतंय. एक. दोन. तीन."

"माझं एकच पार्सल आहे हो."

"हो हो, तुमचं एकच. एक." तिने शिक्का पुन्हा पॅडवर टेकवला. हा ठोका रिकामा नव्हताच मुळी. ह्यात शाई घ्यायची होती.

त्या दिवशी तिने कोणतीही पावती गप्प राहून केली नाही. ओठ सतत हलत होते. दोन नंबर बाईंनी न बोलता दोन गोळ्या सरकवल्या. बुधवारी तीनशे ऐंशी पावत्या झाल्या, गुरुवारी तीनशेच्या वर. घरी आली की चपला काढल्या-न काढल्या आणि गिटार. उजव्या हाताचा अंगठा तारेवर नुसता टेकवायचा, शाई घ्यायची, मग धम्, धम्. पहिल्या रविवारी पाचवी ओळ तरली. दुसऱ्या रविवारी एक पूर्ण पान. तिसऱ्या रविवारी जुना पाय पुन्हा पुढे आला आणि तिने गिटार खाली ठेवून भिंतीला चांगली लाथ घातली. भिंतीला काही झालं नाही. अंगठा सुजला, पण सुदैवाने तो पायाचा होता.

"काय झालं?" आतून मिस्त्री.

"तुमच्या भिंतीला विचारा!"

चौथ्या रविवारी नणंदेला ताप होता. राहिला शेवटचा.

शेवटच्या रविवारी नणंद वेळेवर आली. चहाचं नाव दोघींनी काढलं नाही. मिस्त्री स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी गॅस बंद केला. कढई नाही, झारा नाही, कसलाही आवाज नाही.

"न थांबता," नणंद म्हणाली.

"माहितीये. सुरू करा."

पहिलं पान वहिनीने दात आवळून वाजवलं. अंगठा टेक, धम्, धम्. टेक, धम्, धम्. चौथी ओळ, पाचवी, सहावी. नणंदेचे उंच सूर तिच्या कानावर येत होते, आणि ते ऐकायला आता तिला हात पुसावे लागत नव्हते. दुसऱ्या पानावर आवळलेले दात सुटले. एकदा तर तिच्या ध्यानात आलं की आपण मोजतच नाही आहोत, आणि ह्या विचाराने ती इतकी दचकली की एक सूर निसटला. पण पाय निसटला नाही. तिने निसटलेला सूर तसाच मागे टाकला आणि पुढची ओळ धरली.

तिसऱ्या पानाच्या वरच्या ओळीला दोघी थांबल्या.

एकदम आणि सारख्याच थांबल्या. एका श्वासाएवढं. मग दोघी एकाच वेळी पुढच्या सुरावर उतरल्या, जशा दोन बायका एक जड भांडं उचलून न बोलता एकाच वेळी खाली ठेवतात. नणंदेने मान वर केली नाही. चौथं पान धावत गेलं आणि चकारी संपली.

स्वयंपाकघरातून मिस्त्री बाहेर आले. चेहरा लालबुंद.

"ते तिसऱ्या पानावर काय केलंत?"

"काय केलं?" वहिनी म्हणाली.

"थांबलात! एकटी थांबायचीस तेव्हा मला वाटायचं, दम खातेयस!"

"मग? तुम्ही नव्हता का थांबत तिथे?"

"मी थांबायचो, कारण माझा हात वेळेत पोचायचा नाही! गिटारीच्या मानेवर पाचव्या घरातून थेट दहाव्या घरात उडी आहे तिथे. तीस वर्षांत एकदा नाही पोचलो. चूक होती ती माझी!"

नणंद खुर्चीतून अर्धी उठली. "चूक? दादा, मला वाटायचं तू मुद्दाम थांबतोस! भावना म्हणून!"

"भावना कसली डोंबलाची! धाप लागायची."

"आणि मी इतकी वर्षं तिथे डोळे मिटायची!"

"मला काय माहीत तू डोळे मिटतेस? मी माझ्या हाताकडे बघत असायचो."

मग भावाबहिणीची जुंपली. नणंद म्हणाली, कागदावर नाही तर ते काढूनच टाकू, वाचनालयात जाणकार माणसं येतात. मिस्त्री म्हणाले, काढाच, माझी लाज चार लोकांपुढे नको. नणंदेने विचारलं, वहिनीचा हात पोचतो का पण वेळेत? मिस्त्री म्हणाले, पोचतो, तिची बोटं लांब आहेत, मी बघितलंय. दोघं अशी बोलत होती, जणू वहिनी म्हणजे खोलीतलं कपाट.

वहिनीने तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या.

"वन्सं, मी न थांबता वाजवलं की थांबून?"

नणंदेला क्षणभर कळेना. मग ती हसली. "न थांबता. तेवढं थांबणं सोडून."

"मग खुर्ची माझी झाली का?"

"झाली. उद्या सकाळी नाव देते. टायवाल्या सरांना आत्ताच फोन करून सांगते."

"ते नंतर करा. आधी ऐका. खुर्ची माझी, तर दुसरी गिटार माझी. आणि दुसरी गिटार तिथे थांबणार."

"अगं, पण ती चूक आहे," मिस्त्री म्हणाले.

"तुमची होती तेव्हा होती. माझा हात पोचतो. मी थांबते ती थांबायचंय म्हणून."

डाव्या हाताची ती दोन अपुरी बोटं मिस्त्रींनी उजव्या हातात धरली आणि थोडा वेळ चोळली. मग भिंतीजवळची तिसरी खुर्ची ओढली आणि दोघींच्या मधे आणून तिच्यावर बसले. कितीतरी महिन्यांनी ते ह्या खोलीत गिटारींपाशी बसले होते.

"मग नीट थांब तरी," ते म्हणाले. "तू घाईने थांबतेस. तिसरं पान पुन्हा घ्या. आणि बाकीचे दोन तुकडे काय आपोआप येणार आहेत? चार महिने राहिलेत."

चार महिन्यांनी वाचनालयाच्या सभागृहात शंभरेक माणसं होती. टायवाले सर पहिल्या रांगेत, मांडीवर कागद. मिस्त्री शेवटच्या रांगेत, कारण पुढे बसलो तर आपला पाय ठेका धरेल आणि वहिनी तिकडे बघत बसेल अशी त्यांना भीती. पहिल्या दोन तुकड्यांत एकदा वहिनीचं बोट घसरलं आणि एकदा नणंदेचं, म्हणजे बरोबरी झाली.

मग चकारी. तिसरं पान आलं. टायवाल्या सरांनी कागदावरून मान वर केली. वहिनीने हात दहाव्या घरापाशी नेला. तो अगदी वेळेत पोचला. तिने तो तिथे तसाच धरून ठेवला. नणंदेने डोळे मिटले. वहिनीला जेवढं थांबायचं होतं तेवढं ती थांबली, कुणाच्याही सांगण्यावरून नाही, आणि मग तिने तार दाबली.